बोल्ट-अ‍ॅक्शन शिकारी रायफलचं चेंबर बदलणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहून, रीतसर परवाना काढून हरणाच्या किंवा एल्कच्या शिकारीला जाणाऱ्या मराठी मंडळींकडून हे प्रश्न येतात. भारतातल्या वाचकांसाठीचा भाग शेवटाकडे आहे. माझं मत आधीच सांगतो: चेंबर बदलायचंय म्हणून विचारायला येणाऱ्या दहांतल्या बहुतेकांना खरं तर नळीच बदलायला हवी असते.

चेंबर बदलतात म्हणजे नेमकं काय करतात?

नळीच्या मागच्या टोकाला काडतूस ज्या पोकळीत बसतं, ते चेंबर. ही पोकळी त्या ठरावीक काडतुसाच्या अंगाची असते: मागे जाड धड, मग उतरता खांदा, त्यापुढे मान, आणि मानेच्या पुढे थ्रोट, म्हणजे गोळी रायफलिंगच्या पिळांत शिरण्याआधीची अरुंद वाट. चेंबर बदलायचं म्हणजे त्याच नळीत दुसऱ्या काडतुसाच्या मापाचा रीमर, म्हणजे धातू कापणारं हत्यार, फिरवून ही पोकळी मोठी करायची. धातू कापता येतो, परत भरता येत नाही. पुढची निम्मी उत्तरं यातूनच निघतात.

मग कुठल्याही काडतुसावरून कुठल्याही काडतुसावर जाता येतं का?

नाही. पहिली अट, गोळीचा व्यास तोच हवा. .२७० विंचेस्टरची गोळी .२७७ इंचाची आणि .२८० रेमिंग्टनची .२८४ इंचाची. दोन्हींच्या पुंगळ्या (काडतुसाची पितळी कवचं) .३०-०६ च्याच घराण्यातल्या असल्या, तरी .२७० च्या नळीत .२८० चं चेंबर कापून भागत नाही, कारण पुढची नळी सात थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) अरुंद असते.

दुसरी अट लोक विसरतात. नव्या चेंबरने जुनं चेंबर सगळीकडून गिळलं पाहिजे. .३०८ विंचेस्टर आणि .३०-०६ यांचंच बघा. दोघांची गोळी .३०८ इंचाची, पुंगळीचं बूड सारखं, आणि .३०-०६ ची पुंगळी जवळपास अर्धा इंच लांब (६३.३५ मिमी, समोर ५१.१८ मिमी). कागदावर अगदी सोपं काम. पण .३०८ चं धड कमी निमुळतं आहे. खांद्यापाशी ते .४५४ इंच असतं, आणि बुडापासून तेवढ्याच अंतरावर .३०-०६ चं धड सुमारे .४४७ इंच भरतं. म्हणजे .३०-०६ चा रीमर पूर्ण आत गेला तरी जुन्या खांद्याच्या जागी सात थाऊची, म्हणजे जवळपास ०.१७ मिमीची मोकळी कडी उरते. बार झाला की पितळ तिथे फुगतं आणि पुंगळीच्या कमरेला वळी पडते. शिवाय .३०८ ची रायफल बहुधा आखूड अ‍ॅक्शनची (चेंबर मागून बंद करणारा बोल्ट आणि तो ज्यात सरकतो तो सांगाडा मिळून अ‍ॅक्शन), तिच्या मॅगझिनमध्ये .३०-०६ बसतच नाही. तरीही हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो.

अर्थ असलेले बदल कोणते?

पार्कर अ‍ॅक्ली (१९०३–१९८९) या अमेरिकन नळीकाराने लोकप्रिय केलेली ‘इम्प्रूव्हड’ काडतुसं इथे पहिली. मूळ पुंगळीचं धड कमी निमुळतं करायचं, खांदा ४० अंशांचा करायचा आणि त्यातून थोडी जास्त दारू मावेल अशी जागा काढायची. कारखान्याचं साधं काडतूस अशा चेंबरमध्ये उडवता येतं, आणि बाहेर पडणारी पुंगळी नव्या आकाराची होऊन येते. .२८० अ‍ॅक्ली इम्प्रूव्हड इतकं रुजलं की आज त्याची तयार काडतुसं दुकानात मिळतात.

इथे एक मेख आहे. साधं काडतूस अशा चेंबरमध्ये घट्ट बसायला हवं असेल, तर अ‍ॅक्लीचं गेज (चेंबरची लांबी तपासायचा नेमक्या मापाचा ठोकळा) मूळ गेजपेक्षा चार थाऊ आखूड धरतात. नळी जागच्या जागी ठेवून नुसता अ‍ॅक्लीचा रीमर आत घातला, तर ते चार थाऊ मिळत नाहीत आणि पहिल्याच बाराला पुंगळी ताणली जाते. म्हणून नळी उतरवून तिचं बूड थोडं छाटावं लागतं. ‘फक्त रीमर भाड्याने आणला की झालं’ म्हणणाऱ्यापासून जपून राहा.

दुसरं जुनं उदाहरण म्हणजे .३०० हॉलंड अँड हॉलंडवरून .३०० वेदरबी मॅग्नम. रॉय वेदरबीने १९४० च्या दशकात कॅलिफोर्नियात आपलं काडतूस आणलं, तेव्हा .३०० हॉलंडच्या तयार रायफलींची चेंबरं मोठी करून घ्यायची लाटच आली होती. लांबी, बूड, पट्टा सगळं जुळत होतं, त्यामुळे अ‍ॅक्शनला फारसा हात लावावा लागत नसे.

तिसरा बदल गरजेतून आला. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांनी जर्मन माउझर ९८ रायफली सोबत आणल्या. रायफल उत्तम, पण ८ बाय ५७ ची काडतुसं तिकडे सहजी मिळेनात, आणि .३०-०६ च्या पुंगळ्या मात्र ढिगाने पडलेल्या. तेव्हा चेंबर लांबवून ८ मिमी-०६ करायचं आणि .३०-०६ ची मान रुंदावून त्यात ८ मिमीची गोळी बसवायची, असा मार्ग निघाला. तेव्हा तो शहाणपणाचा होता. आज ८ बाय ५७ ची काडतुसं मिळतात आणि ८ मिमी-०६ ची घरी भरावी लागतात, त्यामुळे गणित उलटं झालंय.

माझ्या .३०-०६ ची .३०० विंचेस्टर मॅग्नम करून घेऊ का?

चेंबरच्या बाजूने काही अडत नाही. १९६३ चं .३०० विन मॅग लांबीला आणि जाडीला .३०-०६ ला पूर्ण गिळतं. अडतं ते बाकी सगळीकडे.

.३०-०६ च्या बुडाचा व्यास .४७३ इंच, मॅग्नमचा .५३२. म्हणजे बोल्टचं तोंड कापून मोठं करायचं आणि एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी चेंबरमधून ओढून काढणारी आकडी) बदलायचा किंवा घासायचा. मॅगझिनमध्ये जाड काडतुसं कमी मावतात आणि वर सरकताना कडेच्या ओठांत अडकतात, म्हणून ते ओठही कोरायचे. हे कोरणं हाताचं काम, आणि जास्त कोरलं गेलं तर काडतुसं उसळून बाहेर येतात.

मग जोराचा हिशेब. अमेरिकन मानकसंस्था सामीने .३०-०६ ला ६०,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आणि .३०० विन मॅगला ६४,००० पीएसआय अशी मर्यादा घातली आहे. दाब थोडाच जास्त दिसतो, पण तो मोठ्या बुडावर पडतो. दोन्ही धरून बोल्टवर मागे येणारा रेटा सुमारे पाव पट वाढतो. आधुनिक, चांगल्या पोलादाची अ‍ॅक्शन तो झेलते. प्रत्येक जुनी अ‍ॅक्शन झेलेलच असं नाही.

बदल्यात मिळतं काय? १८० ग्रेनची गोळी .३०-०६ मधून साधारण २,७०० फूट प्रतिसेकंद वेगाने निघते आणि विन मॅगमधून २,९६० च्या आसपास. दोनशे यार्डांवरच्या एल्कला हा फरक कळत नाही. तुमच्या खांद्याला कळतो. एवढं सगळं कोरून घेण्याच्या पैशांत चांगल्या स्थितीतली दुसऱ्या हाताची विन मॅग रायफल येते, आणि जुनी .३०-०६ घरी राहते ती राहतेच.

हेडस्पेस हा शब्द सगळे घाबरून का उच्चारतात?

कारण इथली चूक लगेच दिसत नाही. बोल्टच्या तोंडापासून चेंबरच्या खांद्यावरच्या एका ठरावीक रेषेपर्यंतचं अंतर म्हणजे हेडस्पेस. .३०८ मध्ये हे अंतर किमान १.६३० इंच आणि कमाल १.६४० इंच, म्हणजे सगळी सूट मिळून दहा थाऊ. कारखान्यात बोअर गेज हाताळलेल्यांना हे आकडे ओळखीचे वाटतील.

अंतर कमी पडलं तर बोल्ट बंदच होत नाही, हे बरं. जास्त झालं तर काय होतं? फायरिंग पिन काडतुसाला पुढे ढकलते, दारू पेटते, पुंगळीचा पुढचा भाग चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटतो आणि बूड मात्र मागे बोल्टकडे सरकतं. मधलं पितळ ताणतं. बुडाच्या थोडं वर बारीक चकाकती रेघ दिसू लागते. तीच पुंगळी पुन्हा भरून वापरली की कधीतरी ती त्या रेघेवर तुटते, आणि साठ हजार पीएसआयचा वायू बोल्टच्या बाजूने, म्हणजे तुमच्या चेहऱ्याच्या दिशेने वाट शोधतो. चष्मा लावा, हे उगाच सांगत नाहीत.

काम चालतं कसं?

जाणत्या गनस्मिथकडे उभं राहून पाहायला मिळालं तर जरूर पाहा. नळी लाकडी जबड्यांत आवळून अ‍ॅक्शन फिरवून वेगळी करतात. नळी लेथवर लावून आधी ती दोन-तीन दहांश थाऊच्या आत सरळ फिरते की नाही ते डायलवर बघतात, आणि वेळ खरा याच कामात जातो. रीमरच्या टोकाला नळीच्या आतल्या व्यासाचा पायलट असतो, त्याच्या आधाराने रीमर मधोमध राहतो. भरपूर कटिंग ऑइल, थोडंसं कापणं, रीमर बाहेर, धारांमधला कीस पुसणं, पुन्हा आत. शेवटचे काही थाऊ तर अगदी बारीक घासाने.

मग गेज. बोल्टमधली फायरिंग पिन आणि इजेक्टर (पुंगळी बाहेर फेकणारी खुंटी) काढून ठेवतात, म्हणजे स्प्रिंगचा रेटा फसवत नाही. गो गेज, म्हणजे किमान मापाचं गेज, घातल्यावर बोल्टचा दांडा स्वतःच्या वजनाने खाली पडायला हवा, आणि त्याहून थोड्या लांब नो-गो गेजवर तो अर्ध्यातच थांबायला हवा. .३०८ साठी या दोन गेजांत फरक चार थाऊंचा, जेमतेम एक दहांश मिलिमीटर. दांड्याला बोटाने रेटून नो-गोवर बंद करून दाखवणाऱ्या कारागिराकडे रायफल ठेवू नका.

पहिले बार माणसाच्या खांद्यावरून नव्हे, रायफल चौकटीत बांधून दोरीने घोडा ओढून करतात. प्रायमर (पुंगळीच्या बुडातली, दारू पेटवणारी टोपी) चपटा झालाय का, बोल्ट जड उघडतो का, पुंगळीवर रेघ आहे का, हे पाहिल्यावरच पुढचं.

मी इंजिनीअर आहे, घरच्या गॅरेजमध्ये करू शकतो का?

लेथ येत असला तरी रायफलचं चेंबर पहिल्यांदा स्वतःच्या रायफलीवर शिकू नये.

नळी बदलणं बरं म्हणता ते का?

जुन्या चेंबरचा प्रश्नच उरत नाही, गोळीचा व्यास मनासारखा निवडता येतो, आणि झिजलेली थ्रोटही जाते. .२७० ची .२८०, .३०८ ची ६.५ क्रीडमूर किंवा ७ मिमी-०८, .३०-०६ ची .२५-०६ हे सगळे बदल बोल्टचं तोंड तसंच ठेवून होतात, कारण बुडाचा व्यास तोच .४७३ इंच.

१९५८ मध्ये आलेल्या सॅव्हेज ११० ने हे काम फार सोपं करून ठेवलं. तिची नळी एका मोठ्या नटाने आवळलेली असते. नळी गो गेजपर्यंत फिरवायची आणि नट आवळायचा. स्वस्तात पडावं म्हणून काढलेली ही युक्ती आता महागड्या रायफलींतही दिसते. अशा रायफलीसाठी आधीच चेंबर कापलेली नळी विकत मिळते. गेज मात्र स्वतःकडे हवेतच, आणि पहिल्यांदा तरी गनस्मिथकडून तपासून घ्या.

चेंबरला हात लावावा असा एक चांगला प्रसंग आहे: नळी चांगली, पण थ्रोट जळालेली. मग बुडाकडून थोडी छाटून, नवे आटे पाडून त्याच काडतुसाचं चेंबर ताजं करतात.

जुन्या लष्करी रायफलीवर हे करावं का?

माउझर ९८ वर विचारपूर्वक चालेल. १८९३ आणि १८९५ च्या माउझर ७ बाय ५७ च्या कमी दाबासाठी घडवलेल्या आहेत. त्यांना ६०,००० पीएसआयच्या काडतुसावर नेऊ नका. स्प्रिंगफील्ड १९०३ पैकी स्प्रिंगफील्ड आर्मरीच्या ८,००,००० खालच्या आणि रॉक आयलंडच्या २,८५,५०७ खालच्या क्रमांकांच्या अ‍ॅक्शन भट्टीतल्या दोषामुळे ठिसूळ निघाल्या होत्या. त्या भिंतीवर शोभतात.

आणि मूळ अवस्थेतली, सगळे क्रमांक जुळणारी लष्करी रायफल हाती आली असेल, तर तिला रीमर लावणं म्हणजे तिची निम्मी किंमत किसात घालवणं.

काम झाल्यावर नळीवर नवं नाव कोरावंच लागतं का?

कोरा. जुनं नाव खोडा आणि नवं ठसठशीत टाका. .३०-०६ छापलेल्या पण आत .३०-०६ अ‍ॅक्ली असलेल्या रायफलीने कदाचित काही बिघडणार नाही. पण शिकारीच्या तळावर एकाच्या पेटीतलं काडतूस दुसऱ्याच्या रायफलीत जातं, आणि ७ मिमी-०८ .२७० मध्ये घुसलं की त्याची जाड गोळी अरुंद नळीत कोंबली जाते. नावांचा गोंधळ कंपन्यांनाही भोवला आहे. रेमिंग्टनने १९७९ मध्ये .२८० चं नाव ७ मिमी एक्सप्रेस केलं, लोक ते ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नमशी घोळू लागले, आणि शेवटी जुनं नाव परत आणावं लागलं.

मी एच-१बी वर आहे. मुळात रायफल हातात घेऊ शकतो का?

हा प्रश्न चेंबरच्या आधीचा. अमेरिकन संघीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला मनाई आहे. त्याला अपवाद आहेत, आणि मराठी मंडळींच्या कामाचा अपवाद म्हणजे एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीतला शिकारीचा परवाना. मुदत संपली की अपवादही संपला, आणि कपाटातली रायफल गुन्हा ठरते. परवान्याचं नूतनीकरण व्हिसाच्या तारखेसारखं लक्षात ठेवा. ग्रीनकार्डधारकांना हा नियम लागू नाही. राज्याचे नियम वेगळे, आणि शंका असेल तर वकिलाला विचारा. मित्राच्या अनुभवावर जाऊ नका.

स्वतःच्या रायफलीचं काडतूस बदलायला संघीय परवानगी लागत नाही. नळी मात्र १६ इंचांच्या खाली जाता कामा नये. हे काम धंदा म्हणून करणाऱ्याकडे संघीय परवाना हवा.

शिकारीच्या नियमांत काडतुसाचं काही असतं का?

असतं, आणि रीमर मागवण्याआधी ते वाचा. कोलोरॅडोत मोठ्या शिकारीला किमान .२४ कॅलिबर लागतं आणि एल्कसाठी किमान ८५ ग्रेनची, फुलणारी गोळी. मिशिगन, ओहायो, इंडियाना, आयोवा या राज्यांत हरणासाठी खांदा नसलेल्या सरळ पुंगळीच्या काडतुसांचे नियम आले होते, .३५० लीजंडसारख्या काडतुसांना मागणी आली ती त्यांच्यामुळेच. असा नियम लागू असेल तिथे नळीच बदलावी लागते.

इंग्लंड किंवा जर्मनीत?

तिथे काम झालेली नळी सरकारमान्य प्रूफ हाउसमध्ये जास्त दाबाच्या काडतुसाने तपासून, शिक्का मारून घ्यावी लागते. इंग्लंडमध्ये लंडन आणि बर्मिंगहॅम ही दोन प्रूफ हाउस आहेत, आणि नव्या कॅलिबरसाठी पोलिसांकडून प्रमाणपत्रात बदलही आधी करून घ्यायचा.

भारतात, माझ्या .३१५ चं चेंबर बदलून घेता येईल का?

नाही. परवान्यावर बोअर लिहिलेलं असतं, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदुकीत असा बदल करणं, दुरुस्ती करणं, चाचणी घेणं, सगळ्यालाच परवाना लागतो. गावातल्या लेथवाल्याकडे नळी नेली, तर तो आणि तुम्ही दोघेही अडकाल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा आणखी कडक झाल्या आहेत. शिकारीचा प्रश्न तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानेच मिटवला. कोकणात शेतीसंरक्षणासाठी परवान्यावर ठासणीच्या बंदुका आहेत, पण त्यांना बोल्टही नाही आणि असलं चेंबरही नाही.

.३१५ ची गोष्ट मात्र सांगण्यासारखी. इंग्रजांना सैन्याचं .३०३ काडतूस नागरिकांच्या हाती नको होतं, म्हणून ऑस्ट्रियन ८ बाय ५० आर मानलिखरवरचं .३१५ शिकारी काडतूस म्हणून चाललं, आणि ईशापूरच्या कारखान्याने ते स्वातंत्र्यानंतरही चालू ठेवलं. त्याच ईशापूरने चेंबर बदलण्याचं मोठं सरकारी काम करून ठेवलंय: पोलिसांसाठी .३०३ ली-एनफील्डच्या नळ्या गुळगुळीत कोरून एकबारी .४१० मस्केट केल्या आणि मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा बसवला. ७.६२ ची ईशापूर २ए१ मात्र जुन्या .३०३ ची नळी कोरून केलेली नाही. ती १९६० च्या दशकात नव्याने, जास्त मजबूत पोलादात घडवली.

जुनी रायफल विकत घेतोय. कुणी आधीच चेंबर बदललंय हे कसं ओळखायचं?

नळीवरच्या नावावर विसंबू नका. विकणाऱ्याकडे त्याच रायफलीतून उडवलेली पुंगळी मागा आणि व्हर्नियरने मापा. खांदा ४० अंशांचा दिसला किंवा कमरेला वळी दिसली, तर खरेदी थांबवा.

पुंगळी नसेल तर गनस्मिथकडून चेंबरचा साचा काढून घ्या. सेरोसेफ नावाचा मिश्रधातू उकळत्या पाण्याहून कमी तापमानाला वितळतो. चेंबरच्या थोडं पुढे नळीत कापडाची गुंडाळी घट्ट बसवायची, वितळलेला धातू मागून ओतायचा, आणि थिजला की लगेच पुढून हलकेच ढकलून बाहेर काढायचा. तो आधी आकसतो, मग हळूहळू फुगतो, आणि साधारण तासाभराने नेमक्या चेंबरच्या मापाला येतो. त्या वेळी मायक्रोमीटर लावा. मान, खांदा, धड यांचे आकडे काडतुसाच्या छापील नकाशाशी ताडून पाहा, आणि जुळले तरच पैसे मोजा.